छोट्या उद्योगाची बातमी कशी होते

जाहिरात विभागात पैसे भरून मिळते ती जाहिरात. संपादकीय विभागाने वाचकांसाठी महत्त्वाचे वाटले म्हणून स्वतःहून छापलेले किंवा दाखवलेले असते ती प्रसिद्धी. जाहिरातीचा मजकूर, आकार आणि दिवस उद्योजक ठरवतो. प्रसिद्धीत यातले काहीच त्याच्या हाती नसते. तरीही वाचकाचा विश्वास प्रसिद्धीवर अधिक असतो, कारण त्या मजकुरामागे तिऱ्हाइताची नजर असते.

छोट्या उद्योजकाला या फरकाचे मोल मोठे आहे. 1 एप्रिल 2025 पासून यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटी आणि वार्षिक उलाढाल 10 कोटी रुपयांपर्यंत असलेला उद्योग सूक्ष्म गणला जातो. पापड-मसाल्याचे घरगुती उद्योग, लेथ मशिनची वर्कशॉप, रोपवाटिका, बचत गटांची दुकाने यांपैकी बहुतेक या गटात बसतात. त्यांना पान भरून जाहिरात परवडत नाही. सांगण्यासारखी हकीकत मात्र त्यांच्यापैकी अनेकांकडे असते, आणि ती योग्य माणसापर्यंत योग्य रीतीने पोचवणे हे शिकता येण्यासारखे काम आहे.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका

उद्योग आणि वृत्तपत्र यांचे नाते महाराष्ट्रात स्वदेशीच्या काळापासूनचे आहे. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर पैसा-पैसा गोळा करून पैसाफंड उभा केला. लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले आणि 1908 च्या सुमारास तळेगावला काच कारखाना निघाला. ‘देशी माल’ हाच तेव्हा बातमीचा विषय होता. कारखान्याचे हित आणि वाचकाची आस्था एकाच प्रश्नात गुंतलेली असल्याने प्रसिद्धीसाठी वेगळी खटपट करावी लागली नाही.

किर्लोस्करांची वाट निराळी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा ते बनवत असलेल्या लोखंडी नांगराने जमीन बिघडते, असा शेतकऱ्यांचा समज होता. निव्वळ जाहिरातीने असा समज दूर होत नाही. त्यासाठी माहिती देत राहावे लागते. 1920 मध्ये शं. वा. किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. कारखान्याचे हे वार्तापत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, त्याच्या जोडीला 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ आले. वाचकाला उपयोगी पडेल असे काही नियमाने देत राहिले की उद्योगाचे नाव आपोआप घरात पोचते, याचा हा मराठीतला सर्वांत ठळक दाखला आहे.

15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली. सुरुवातीच्या वर्षांत तोंडी शिफारस आणि देशी भाषांतील वृत्तपत्रांतले लेख यांमुळे नव्या भगिनी संस्थेत येत गेल्या. इथे प्रसिद्धीने गिऱ्हाइकाइतकीच कामाची माणसेही मिळवून दिली. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा ही हकीकत नव्या पिढीपुढे पुन्हा आली.

बातमी कशाला म्हणतात

‘आमचा माल उत्तम आहे’ ही बातमी होत नाही, कारण असे प्रत्येक जण म्हणतो. बातमीदार पाहतो ते वेगळेपण, ताजेपणा, स्थानिक संबंध आणि वाचकाला होणारा उपयोग. दुकानाचा पंचविसावा वर्धापनदिन दुकानदाराला मोलाचा असला, तरी वाचकाला त्यात रस असतोच असे नाही. त्याच दुकानाने तालुक्यात पिकणाऱ्या नाचणीची बिस्किटे काढून शेतकऱ्यांशी थेट खरेदीचा करार केला, तर शेती, आहार आणि रोजगार असे तीन धागे एकत्र येतात. मग कोणत्याही आवृत्तीत त्याला जागा निघू शकते.

चालू घडामोडीशी असलेला संबंध ही दुसरी वाट. पेणच्या गणेशमूर्ती कारखान्यांविषयी दर पावसाळ्यात लिहून येते. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवरील बंदीचा प्रश्न न्यायालयात गेल्यावर शाडूच्या मातीचा पुरवठा, सुकण्याला लागणारा वेळ, मूर्तीचा खर्च हे सगळे नेमके सांगू शकणाऱ्या मूर्तिकाराची बातमीदारांना गरज भासू लागली. आपल्या धंद्यातले आकडे आणि अडचणी जो स्पष्ट सांगतो, त्याला पत्रकार पुन्हा फोन करतो. असा जाणकार म्हणून नाव होणे हे एकदाच छापून आलेल्या कौतुकाच्या लेखापेक्षा टिकाऊ असते.

जून 2025 मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलान येथील फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल तिच्या मुळाचा उल्लेख न करता सादर केली. कोल्हापुरीला 2019 मध्येच भौगोलिक मानांकन मिळाले होते, त्यामुळे कारागिरांच्या हक्काचा प्रश्न मांडायला ठोस आधार होता. महाराष्ट्र चेंबर या उद्योग-व्यापार संघटनेने कंपनीला पत्र लिहिले, कंपनीने प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे मान्य केले आणि पुढच्याच महिन्यात तिचे पथक कोल्हापुरात आले. त्या काही आठवड्यांत छोटे कारागीर जगभरच्या माध्यमांत झळकले. मानांकन आणि बाजू मांडणारी संघटना आधीपासून असल्यामुळेच ती संधी पकडता आली.

दार कोणते ठोठवावे

मोठ्या दैनिकाच्या मुख्य कार्यालयात रोज ढिगाने प्रसिद्धिपत्रके येतात, आणि त्यांतली बरीचशी वाचलीही जात नाहीत. छोट्या उद्योजकाचे पहिले दार तालुक्याचा वार्ताहर आणि जिल्हा आवृत्ती. स्थानिक पानाला रोज स्थानिक मजकूर लागतो आणि तिथे छापून आलेले कात्रण पाहून वरिष्ठ आवृत्तीचे लक्ष जाते. त्यानंतर पुरवण्या येतात. अर्थ, आरोग्य, महिला आणि वास्तू या विषयांच्या पुरवण्यांची पाने आधीच लागतात, म्हणून सणाशी निगडित विषय त्यांच्याकडे काही आठवडे आधी पोचायला हवा. शेतीपूरक उद्योगाला 2005 पासून निघणारे ‘अ‍ॅग्रोवन’ हे दैनिक आहे. प्रक्रिया उद्योग आणि बचत गट यांच्या यशोगाथा तिथे नेहमी येतात. आकाशवाणीची जिल्हा केंद्रे आणि सह्याद्री वाहिनी ही माध्यमे आज विसरली जातात, पण ग्रामीण श्रोत्यापर्यंत त्यांची पोच अजून आहे. दिवाळी अंक आणि साप्ताहिके यांत सविस्तर लेखाला वाव मिळतो.

कोणाला पाठवायचे हे ठरवण्याआधी ते दैनिक निदान महिनाभर लक्षपूर्वक वाचावे. उद्योगावर कोण लिहितो, कोणत्या वारी, किती शब्दांत, हे त्यातून कळते. मग पत्र ‘मा. संपादक’ असे मोघम न जाता त्या विषयाच्या बातमीदाराच्या नावे जाते.

प्रसिद्धिपत्रक आणि मुलाखत

चांगले प्रसिद्धिपत्रक एका पानात संपते. शीर्षकात मुख्य गोष्ट असावी. पहिल्या परिच्छेदात कोण, काय, कुठे, केव्हा, का आणि कसे यांची उत्तरे यावीत. जागा कमी पडली की उपसंपादक मजकूर खालून छाटतो, म्हणून कमी महत्त्वाचे शेवटी ठेवायचे. विशेषणे गाळून आकडे द्यावेत: ‘मोठा रोजगार’ लिहिण्याऐवजी किती जणींना, वर्षातले किती महिने काम मिळते ते लिहावे. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून द्यावा, म्हणजे तो पुन्हा टाइप करावा लागत नाही. सोबत काम चालू असतानाची दोन-तीन स्पष्ट छायाचित्रे आणि फोटोओळी, त्यांत दिसणाऱ्यांची नावे अचूक. हार-तुरे आणि फीत कापण्याचे छायाचित्र वाचकाला काहीच सांगत नाही.

पत्रकार प्रत्यक्ष भेटीला आला तर त्याला काम पाहू द्यावे, कामगारांशी मोकळेपणी बोलू द्यावे. जे छापून येऊ नये असे वाटते ते बोलूच नये. ठाऊक नसलेला आकडा ठोकून देण्यापेक्षा ‘पाहून सांगतो’ म्हणावे आणि त्याच दिवशी सांगावे. छापण्यापूर्वी मजकूर दाखवा, असा आग्रह धरू नये. तथ्ये तपासून देण्याची तयारी मात्र दाखवावी. चूक छापून आली तर शांतपणे, पुराव्यासह दुरुस्ती मागावी.

पैसे, कायदा आणि विश्वास

‘इतके पैसे द्या, बातमी लावतो’ असा प्रस्ताव कधी ना कधी समोर येतो. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत पेड न्यूजचे प्रकरण महाराष्ट्रातूनच गाजले आणि भारतीय वृत्तपत्र परिषदेने त्याची चौकशी केली. पैसे देऊन लिहवलेला मजकूर ‘जाहिरात’ या शब्दासह छापला गेला तर तो उघड व्यवहार आहे. बातमीच्या वेशात तो छापणे ही वाचकाची फसवणूक आहे, आणि ती उघड झाली तर आधी बुडते ते उद्योजकाचेच नाव. समाजमाध्यमांवरही हेच लागू आहे. जाहिरात मानक परिषदेच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पोस्टसाठी मोबदला घेतला असेल तर इन्फ्लुएन्सरने तसे स्पष्ट सांगितले पाहिजे.

दाव्यांबाबत कायदा कडक आहे. ‘मधुमेह बरा होतो’ यासारख्या जाहिरातीला 1954 चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा मनाई करतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि पुन्हा तसे केल्यास 50 लाखांपर्यंत. म्हणून मुलाखतीतही तेवढेच बोलावे जेवढे सिद्ध करता येते. खाद्यपदार्थ असेल तर अन्न सुरक्षा परवाना, चाचणी अहवाल आणि उद्यम नोंदणी यांच्या प्रती जवळ असाव्यात. चांगला बातमीदार त्या मागतो.

प्रसिद्धीनंतर

प्रसिद्धी मिळाली की फोन सुरू होतात. तेवढा माल, तो पाठवण्याची सोय आणि फोन उचलणारे माणूस यांची तयारी नसेल, तर मिळालेले नाव तक्रारीत बदलते. म्हणून क्षमता वाढण्याआधी राज्यभर प्रसिद्धी मागू नये. विचारणा कुठून आली हे प्रत्येक ग्राहकाला विचारून टिपून ठेवावे. कोणत्या माध्यमाचा उपयोग झाला, हे त्यातूनच समजते. कात्रणे तारखेसह जपावीत. बँक, प्रदर्शनाचे आयोजक आणि घाऊक खरेदीदार यांच्यापुढे ती कामी येतात.

प्रसिद्धीची मर्यादाही ओळखायला हवी. मुंबईच्या डबेवाल्यांइतकी जगभर कीर्ती क्वचितच कुठल्या छोट्या व्यवसायाला मिळाली असेल. 2003 मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स त्यांना भेटले आणि 2005 मध्ये चार्ल्स यांच्या विवाहाला डबेवाल्यांचे प्रतिनिधी हजर होते. तरीही 2020 च्या टाळेबंदीत कार्यालये बंद पडताच डबे थांबले आणि अनेकांना गावी परतावे लागले. कीर्तीमुळे ओळख मिळते, मदतीचे हातही पुढे येतात. गिऱ्हाईक आणि रोजचे उत्पन्न मात्र धंद्याच्या घडीवरच अवलंबून राहते. आधी सचोटीचे काम, मग त्या कामाची खरी आणि नेमकी माहिती, आणि ती देण्यात वर्षानुवर्षे सातत्य, या क्रमाने चालणाऱ्या उद्योजकालाच माध्यमांतल्या प्रसिद्धीचा टिकाऊ लाभ होतो.