पहिले जॅकेट : चामड्याचे की कापडाचे?

घरात पहिली मोटरसायकल येते, हेल्मेट येते (निदान यायला हवे), आणि मग मुलगा किंवा मुलगी विचारते, "जॅकेट कोणते घेऊ? चामड्याचे की कापडाचे?" हा प्रश्न ऐकला की आम्हाला स्वतःचा डावा कोपर आठवतो. महाविद्यालयात असताना वळणावर सांडलेल्या वाळूवरून आमची गाडी घसरली. वेग फार नव्हता. अंगात पातळ नायलॉनचे विंडचीटर होते. कोपरावर ते फाटले, शिवाय वितळून जखमेला चिकटले. डॉक्टरांनी चिमट्याने एकेक तुकडा सोडवला. व्रण आजही आहे. नायलॉनचा द्रवणांक आम्ही पुस्तकातून पाठ केला होता. त्याचा अर्थ त्या दिवशी कळला.

पडताना काय घडते?

पडणे म्हणजे दोन वेगळ्या घटना असतात. पहिली, शरीर उंचीवरून खाली आदळते. दुसरी, ते रस्त्यावरून घसरत जाते.

आदळण्याचा वेग गाडीच्या वेगावर नव्हे, तर उंचीवर अवलंबून असतो. एक मीटर उंचीवरून पडणारी वस्तू सेकंदाला सुमारे ४.४ मीटर, म्हणजे ताशी १६ किलोमीटर वेगाने जमिनीवर येते. गाडी उभी असो वा धावती, हा आकडा तोच. खांदा किंवा कोपर मोडायला एवढे पुरते.

घसरण्याचे गणित निराळे. ७० किलो वजनाच्या चालकाची ताशी ६० किलोमीटर वेगाला गतिज ऊर्जा सुमारे ९,७०० ज्यूल असते. ताशी ३० ला ती चौपटीने कमी, म्हणजे सुमारे २,४०० ज्यूल. घर्षणांक ०.६ धरला, तर पहिल्या वेळी शरीर सुमारे २४ मीटर घसरेल, दुसऱ्या वेळी फक्त ६ मीटर. दरम्यान बहुतेक ऊर्जेची उष्णता आणि झीज होते, आणि तीही कोपर, खांदा, कंबर अशा थोड्याशा जागी एकवटते. जॅकेटचे कापड किंवा चामडे या दुसऱ्या घटनेसाठी असते. पहिलीसाठी आत बसवलेल्या संरक्षक गाद्या लागतात.

चामडे का टिकते?

चामडे म्हणजे कमावलेली कातडी. तिच्यात कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू असतात. कापडात धागे उभे आणि आडवे अशा दोनच दिशांना जातात. कातडीतले तंतू मात्र गुंतवळासारखे सर्व दिशांना एकमेकांत अडकलेले असतात. वरचे झिजले तरी खालचे धरून ठेवतात आणि वीण उसवत जात नाही. शिवाय चामडे वितळत नाही. फार तापले तर आकसते, करपते.

पण हे गुण पुरेशा जाडीच्या चामड्याचे आहेत. मोटरसायकलच्या जॅकेटात ते साधारण १.१ ते १.४ मिलिमीटर जाड असते. फॅशनसाठी शिवलेले मऊ, पातळ जॅकेट त्या कामाचे नाही. रेक्झिनचे तर नाहीच, कारण ते चामडे नसून प्लॅस्टिकचा लेप दिलेले कापड असते.

कापडाची बाजू

पॉलिएस्टर सुमारे २५० ते २६० अंश सेल्सिअसला वितळते. नायलॉनचे काही प्रकार २२० अंशांनाच वितळतात. म्हणून धाग्याची जाडी महत्त्वाची ठरते. ती 'डेनिअर'मध्ये मोजतात : ९,००० मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितके डेनिअर. ५०० डेनिअरच्या घट्ट विणीची तुलना आमच्या विंडचीटरशी होऊच शकत नाही. काही जॅकेटांत कोपर-खांद्यावर ॲरामिड धाग्यांचा थर असतो. १९६५ साली स्टेफनी क्वोलेक यांच्या संशोधनातून पुढे आलेले केव्हलार याच कुळातले. ते वितळत नाही.

कापडाचा मोठा फायदा हवेचा. एक ग्रॅम घाम वाळताना शरीरातून सुमारे २,४०० ज्यूल उष्णता बाहेर जाते. जाळीदार कापडातून वारा खेळतो, म्हणून घाम वाळतो. मे महिन्यात सिग्नलला उभ्या असलेल्या चालकाला जाड चामड्यात ही सोय नसते. पावसाळ्यात चामडे भिजून जड होते आणि नीट वाळवले नाही तर बुरशी धरते. मात्र जाळी जितकी विरळ, तितकी ती घर्षणाला कमी टिकते, हेही विसरू नये.

मग निवडायचे कसे?

ऑस्ट्रेलियात अपघात झालेल्या २१२ चालकांचा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात मोटरसायकलसाठी म्हणूनच बनवलेल्या जॅकेटांपैकी सुमारे ३० टक्के जॅकेटे अपघातात निकामी ठरली. म्हणून नुसते 'चामडे' किंवा 'कापड' हे उत्तर अपुरे आहे. आतली पट्टी वाचावी. 'ईएन १७०९२' या युरोपीय मानकात (२०२०) एएए, एए, ए अशा उतरत्या श्रेणी आहेत. गाद्यांसाठी 'ईएन १६२१' पाहावे. कोपर-खांद्याच्या गादीवर ५० ज्यूलचा आघात केल्यावर पलीकडे पोचणारे सरासरी बल पहिल्या पातळीत ३५ किलोन्यूटनपेक्षा आणि दुसऱ्या पातळीत २० किलोन्यूटनपेक्षा जास्त नसावे लागते. म्हणजे दुसरी पातळी अधिक चांगली.

नंतर शिवण बघावी. कापड शाबूत राहून शिवण उसवली तर उपयोग काय? शेवटी जॅकेट घालून गाडीवर बसावे, हात मुठींवर ठेवावेत. गादी कोपरावरच राहिली पाहिजे, सरकता कामा नये.

रोज शाळा-कॉलेज, नोकरी आणि आपले ऊन-पाऊस असेल, तर पहिले जॅकेट चांगल्या श्रेणीचे कापडी घ्यावे, असे आमचे मत. महामार्गावर वेगाने लांब जाणाऱ्याने चामड्याचा विचार जरूर करावा. पण उकडते म्हणून खुंटीला राहिलेले उत्तम चामडे कोपर वाचवत नाही. अंगावर असलेले मध्यम कापड थोडा तरी वाचवते.

वर्गात करून पाहा

जुन्या पट्ट्याचे चामडे, सुती कापड आणि नायलॉन यांचे सारख्या मापाचे तुकडे घ्या. एकेक तुकडा सारख्याच विटेला बांधून खरखरीत पॉलिशपेपरवरून ओढा. दर वेळी पेपर नवा घ्या. किती फेऱ्यांत भोक पडते, ते मोजा. मग शिक्षकांनी चिमट्यात धरून सुती व नायलॉनचा एकेक धागा ज्योतीजवळ न्यावा. एकाची राख होईल, दुसऱ्याचा चिकट मणी. तो मणी विद्यार्थ्यांना लांबूनच दाखवा आणि विचारा, हा कातडीवर पडला तर?