पाच वर्षांखालची मुलं आणि हैदराबादची सहल: तिकीट काढण्याआधी

परीक्षा संपत आल्या की आपल्या घरांमध्ये एकच विषय निघतो, "या वर्षी पोरांना कुठं न्यायचं?" हिंगोली, कळमनुरी, वसमतकडच्या मुस्लिम घरांत या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ठरलेलं असतं, हैदराबाद. तिथं कुणाची खाला असते, कुणाची फुफी, कुणाचा चुलत मामू. बोली आपली, खाणं आपलं. आपल्या दारावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 161 अकोल्याहून वाशीम, हिंगोली, नांदेड, देगलूर करत थेट संगारेड्डीला पोहोचतो आणि तिथून हैदराबाद हाकेच्या अंतरावर. आणि आता मुलांच्या तोंडी मोबाइलवर पाहिलेली दोन नावं असतात, रामोजी फिल्म सिटी आणि वंडरला.

महाराष्ट्रातही मोठी पार्क आहेत. आमच्या लहानपणी दूरदर्शनवर ज्याची जाहिरात लागायची ते मुंबईचं एस्सेलवर्ल्ड 1989 साली सुरू झालं होतं, आता ते बंद आहे. खोपोलीजवळचं इमॅजिका 2013 मध्ये उघडलं. पण हिंगोलीहून खोपोली पाचशे किलोमीटरच्या घरात, हैदराबाद साडेतीनशेच्या आसपास. कडेवरचं मूल घेऊन जाताना हा दीडशे किलोमीटरचा फरक फार मोठा असतो. म्हणून या लेखात आम्ही हैदराबादचंच बोलणार आहोत, आणि तेही ज्यांच्या घरात पाच वर्षांखालची मुलं आहेत त्यांच्यासाठी. दहा-बारा वर्षांच्या मुलांचं काय, त्यांना पार्कमध्ये सोडलं की ते आपली मजा शोधून घेतात.

आधी आमची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही दोन भावांची कुटुंबं मिळून अकरा जण एका मोठ्या पार्कमध्ये गेलो. त्यात पाच वर्षांखालची चार मुलं, सगळ्यात लहान अकरा महिन्यांचं. तिकिटाचे पैसे मोजताना प्रत्येकाच्या मनात एकच हिशेब होता, एवढे दिलेत तर सकाळी गेट उघडल्यापासून संध्याकाळी बंद होईपर्यंत एक मिनिट वाया घालवायचं नाही. दुपारी दोनच्या सुमारास तीन वर्षांची पुतणी रांगेत उभ्या-उभ्या झोपली. तिला खांद्यावर घेऊन आम्ही रांग सोडली नाही, कारण "आता नंबर आलाच आहे." नंबर आला तेव्हा तिला उठवलं, ती किंचाळून रडली आणि पाळण्यात बसलीच नाही. अकरा महिन्यांच्या बाळाकडे तर कुणाचं नीट लक्षच नव्हतं. दादीजाननं विचारलं, "इसने सुबह से पेशाब कब किया?" तेव्हा कुणालाच आठवेना. डायपर कोरडा होता. मूल रडतही नव्हतं, नुसतं पडून होतं. प्रथमोपचार केंद्रात नेलं, ओआरएस दिलं, सावलीत पंख्याखाली दोन तास बसलो. अल्हम्दुलिल्लाह, संध्याकाळपर्यंत ते सावरलं. पण त्या दिवशी कळलं की आम्ही सहल तिकिटाच्या हिशेबानं आखली होती. ती आखायला हवी होती सगळ्यात लहान मुलाच्या झोपेच्या, भुकेच्या आणि तहानेच्या हिशेबानं.

प्रेषित मुहम्मद (स.) नमाज पढवत असताना मागून लहान मुलाच्या रडण्याचा आवाज आला तर नमाज आटोपती घेत, आईचा जीव कासावीस होऊ नये म्हणून. ही हदीस आपण बयानात कितीदा ऐकतो. नमाजमध्ये जी सवलत मिळते ती आपण पाळण्याच्या रांगेत देत नाही, याचं आम्हाला नंतर हसूही आलं आणि लाजही वाटली.

महिन्यापासून सुरुवात करू. मे महिना मोठ्या मुलांच्या शाळेमुळे निवडला जातो, बाळांना तर शाळाच नसते. मेमध्ये हैदराबादचा पारा चाळिशीला टेकतो आणि पार्कमधलं सिमेंट दुपारी तव्यासारखं तापतं. दिवाळीची सुटी किंवा डिसेंबर-जानेवारीतला शनिवार-रविवार जोडून घेता आला तर अर्धी काळजी तिथंच मिटते. मेमध्येच जायचं असेल तर सकाळी गेट उघडताच आत, साडेबारा-एकपर्यंत दोन-तीन गोष्टी, मग थंड जागेत जेवण आणि झोप. चारनंतर मुलं ताजी असली तर पुन्हा, नसली तर सरळ घरी. पैसे गेले असं वाटेल, वाटू द्या.

पाण्याचंही नीट समजून घ्या. सहा महिन्यांखालच्या बाळाला वरचं पाणी द्यायचं नसतं, त्याला आईचं दूधच जास्त वेळा पाजायचं. म्हणजे आईला वारंवार बसायला जागा हवी, तिला रांगेत उभं करू नका. त्यावरच्या मुलांना दर अर्ध्या तासाला घोट-दोन घोट, ते मागोत न मागोत. ओआरएसची पुडी सोबत ठेवा, पुडीवर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात पूर्ण पुडी एकदम विरघळवायची, अर्धी-पाव करायची नाही. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. दुकानात खोक्यात मिळणारी गोड फळपेयं म्हणजे ओआरएस नव्हे. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायला बंदी केली ती याच घोटाळ्यामुळे. मूल सहा तासांत लघवीला गेलं नाही, रडताना अश्रू येत नाहीत, तोंड कोरडं, डोळे खोल गेलेले किंवा मूल सुस्त पडलं असेल तर पार्क विसरा, डॉक्टर गाठा.

उंची घरीच मोजा

बऱ्याच जणांना हे माहीत नसतं की अशा पार्कमध्ये तिकीट आणि पाळणा या दोन्ही गोष्टी वयावर नाही, उंचीवर ठरतात. वंडरलामध्ये 85 सेंटिमीटरखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, त्यावर मुलांचं तिकीट लागतं. आता बघा, नीट वाढणारं मूल दोन वर्षांचं होता-होताच 86-87 सेंटिमीटरला पोहोचतं. म्हणजे "हमारा बच्चा तो अभी दो साल का है" हे खिडकीवर चालत नाही. उलट पाच वर्षांचं मूल साधारण 110 सेंटिमीटरचं असतं आणि जे मोठे पाळणे त्यानं मोबाइलवर पाहिलेले असतात त्यांपैकी बहुतेकांवर त्याला चढू देत नाहीत. तिथं उंचीच्या पट्टीजवळ उभं राहून मूल रडतं, बाप कर्मचाऱ्याशी हुज्जत घालतो. हुज्जत घालू नका. ती पट्टी सुरक्षा पट्ट्यासाठी असते, लहान अंग त्यातून निसटू शकतं.

जाण्याआधी अंगणवाडीत चला. ताई दर महिन्याला वजन-उंची घेतातच, त्यांच्याकडून आकडा घ्या. मग पार्कच्या संकेतस्थळावर किंवा फोनवर विचारा की या उंचीच्या मुलाला नेमकं काय-काय करता येतं आणि आजचा दर काय. माणशी हजाराच्या वर जाणारं तिकीट आहे, पाच मिनिटांचा फोन महाग नाही. मुलाला आवाजाची, गर्दीची भीती वाटते का हे बघायला आपल्याकडे दसऱ्यात हिंगोलीच्या रामलीला मैदानावर पाळणे लागतातच. तिथल्या छोट्या पाळण्यात जे मूल घाबरून आईला चिकटतं ते हजार रुपये भरल्यावर धीट होणार नाही.

आमचं मत स्पष्ट सांगायचं तर तीन वर्षांखालच्या मुलासाठी पार्कचा हट्ट सोडावा. त्याच्यासाठी मीर आलम तलावाशेजारचं नेहरू प्राणिसंग्रहालय पार्कपेक्षा सरस. 1963 मध्ये सुरू झालेलं, 380 एकरांचं, झाडांची सावली, छोटी रेल्वे, बसायला हिरवळ आणि खर्च पार्कच्या तुलनेत किरकोळ. हत्ती पाहून दोन वर्षांचं मूल जे तोंड उघडं ठेवून उभं राहतं ते कुठल्याही पाळण्यात नाही. सोमवारी ते बंद असतं. बासी ईदेला तर अजिबात जाऊ नका, अख्खं जुनं शहर तिथं लोटतं. सालारजंग म्युझियममधलं संगीत-घड्याळही छोट्यांना फार आवडतं. दर तासाला दार उघडून एक छोटा पुतळा बाहेर येतो आणि टोल देतो. खाली बसून सगळे माना वर करून वाट बघतात. म्युझियम शुक्रवारी बंद असतं, तेव्हा शुक्रवारची मक्का मस्जिद आणि सालारजंग अशी जोडी लावू नका, आम्ही लावली होती.

चार-पाच वर्षांच्या मुलांना रामोजी किंवा वंडरला यांतलं एकच काहीतरी. 1996 पासून चालू असलेली रामोजी फिल्म सिटी शहराच्या पूर्वेला विजयवाडा रस्त्यावर आहे, सोळाशे एकरांहून मोठी. तिथं बसमध्ये बसून बरंच बघता येतं, म्हणून दादी-नानी सोबत असतील तर ती बरी. पण स्टंट शोमध्ये धमाके आणि गोळीबार असतो, लहानग्यांना घेऊन बसायचं तर बाहेर निघायच्या वाटेजवळ बसा. 2016 मध्ये सुरू झालेलं वंडरला दक्षिणेला रविर्यालला, आउटर रिंग रोडलगत आहे, तिथं पाण्याचे खेळ भरपूर. दोन्ही दोन टोकांना, सलग दोन दिवसांत दोन्ही करायला जाऊ नका.

पाण्याच्या खेळांत आपल्या बायकांचा प्रश्न कपड्यांचा असतो. सुती कपडे, साडी, सलवार-ओढणी तिथं चालत नाही. त्यामागे कारण आहे: सुती कापड पाणी पिऊन जड होतं, ओढणी अडकते. नायलॉन किंवा लायक्राचा, पूर्ण अंग झाकणारा पोशाख मिळतो, काही जण त्याला बुरकिनी म्हणतात. तो चालेल का हे आधी फोनवर विचारा आणि घरूनच घेऊन जा. नाहीतर होतं काय, पुरुष मुलांना घेऊन पाण्यात आणि अम्मी, चाची, भाभी दिवसभर पिशव्या राखत बाकावर. तिकीट त्यांचंही पूर्ण लागलेलं असतं. बाळाला पाण्यात न्यायचं तर पोहण्याचे वेगळे डायपर मिळतात, साधा डायपर पाण्यात फुगून फुटतो.

जाण्याचा मार्ग रेल्वेचा घ्यावा असं आम्ही म्हणू. नरखेड-काचीगुडा इंटरसिटी हिंगोली, वसमत, नांदेड करत थेट जाते, वेळ आणि वार आरक्षण करतानाच पाहून घ्या. रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळी जागा नको असेल तर तिकीट नाही. पाच ते बारामधल्या मुलाला जागा हवी असेल तर पूर्ण भाडं. दोन मुलं एका बर्थवर आईसोबत झोपवण्यापेक्षा एक बर्थ जास्त घेतलेला परवडतो. बसनं जात असाल तर एक गैरसमज काढून टाका. आपल्या एसटीतली महिलांची निम्म्या तिकिटाची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, आणि तेलंगणाच्या बसमधला मोफत प्रवास तिथल्या रहिवासी महिलांसाठी आहे. आपल्या आधार कार्डावर तो मिळत नाही.

खाण्याचं म्हणाल तर बाहेरचे पदार्थ पार्कमध्ये सहसा आत नेऊ देत नाहीत, बाळाचं खाणं मात्र सहसा अडवत नाहीत. खिमट, मऊ खिचडी, केळी वेगळ्या डब्यात दिसतील अशी ठेवा. आतल्या उपाहारगृहात मटण-चिकन हलाल आहे का हे विचारायला संकोच नको, शंका राहिली तर शाकाहारी घ्या. बिर्याणी रात्री शहरात आहेच. नमाजची चिंताही नको. हनफी मसलकाप्रमाणे पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर आपण मुसाफिर, जोहर, असर आणि इशाचे चार फर्ज दोन होतात. जोहर शेवटच्या वेळेत आणि असर सुरुवातीच्या वेळेत पढली तर एका वजूत, एकाच सावलीत दोन्ही होऊन जातात. तेवढा वेळ मुलंही चटईवर लोळतात.

राहिलं मूल हरवण्याचं. तीन वर्षांच्या मुलाला बापाचं नाव विचारलं तर ते "अब्बू" सांगतं. म्हणून मनगटावर बॉलपेननं मोबाइल नंबर लिहा, पाण्यात जाणार असाल तर गळ्यात प्लास्टिकचं कार्ड. मुलांना ईदचे पांढरे कुर्ते घालू नका, हैदराबादेत तसे शंभर दिसतील. आणखी एक गोष्ट आपल्याच घरांची. लहान मूल गर्दीत आईचा चेहरा बघत नाही, काळा बुरखा बघतं. आमचा भाचा चारमिनारजवळ एका अनोळखी बाईचा बुरखा धरून बराच चालत गेला होता. तेव्हापासून आमच्याकडे आईच्या पर्सला लाल किंवा पिवळा रुमाल बांधतात आणि मुलाला घरूनच शिकवतात, "पीला रुमाल पकडना." तरीही मूल दिसेनासं झालं तर सगळ्यांनी पांगू नका, एक जण जागेवर थांबा, दुसऱ्यानं आधी सुरक्षा रक्षकाला गाठून गेटवर कळवायला सांगा. 1098 आणि 112 हे दोन नंबर दादीच्या साध्या फोनमध्येही भरून ठेवा.

परतीचं तिकीट पार्कच्या दुसऱ्या दिवसाचं काढा, त्याच रात्रीचं नको. तो मधला दिवस खालाच्या घरी अंगणात जाऊ द्या, मुलांना तिथली कोंबडी पकडायची असते.