रामकुंडातल्या अस्थींचं पुढे काय होतं?

‘रामकुंडात सोडलेल्या अस्थी काही तासांत विरघळतात, असं लहानपणापासून ऐकत आलोय. हे शक्य आहे का?’ असा एका वाचकाचा प्रश्न आहे. नाशिकला गोदावरीच्या पात्रातल्या या कुंडात अस्थी सोडतात त्या जागेचं नावच अस्थिविलय तीर्थ, इतकी ही श्रद्धा जुनी. रसायनशास्त्र मात्र उलटं सांगतं, आणि मला ते विलक्षण वाटतं: चितेत पूर्ण भाजलेलं हाड विरघळायला आणि कुजायला साध्या हाडापेक्षा अवघड असतं.

मृत्यूनंतर शरीर मोडायला लागतं ते आधी पेशींतल्याच विकरांमुळे, मग आतड्यातल्या जिवाणूंमुळे. मांस जातं, हाड मागे राहतं, कारण त्यात दोन तृतीयांशाच्या आसपास कॅल्शियम फॉस्फेटचं खनिज असतं. उरलेलं बहुतेक कोलॅजेन, म्हणजे प्रथिन. ते मिळवण्यासाठी मातीतले जिवाणू हाडात सूक्ष्म बोगदे पोखरतात. चितेत कोलॅजेनच जळून जातं, जिवाणूंना खायला काही उरत नाही. सहाशे-सातशे अंशांच्या वर खनिजाचे स्फटिक मोठे होतात, हाड पांढरं पडतं. कच्च्या मातीचं भांडं पाण्यात विरघळतं, पण आव्यात भाजलेल्या मडक्याचं खापर हजारो वर्षं टिकतं, तसंच हे.

हा टिकाऊपणा पुरातत्त्वालाही उपयोगी पडला. कोलॅजेन नाही म्हणून भाजलेली हाडं कार्बन कालमापनाला निरुपयोगी, असं पुरातत्त्वज्ञ वर्षानुवर्षं धरून चालले होते. त्यांच्या खनिजात अडकलेल्या कार्बोनेटवरून वय काढता येतं, हे नेदरलँड्समधल्या यान लांटिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. २००१ मध्ये त्यांनी ते सविस्तर मांडलं.

शिवाय हाडाचं खनिज विरघळतं ते आम्लात. कोकणच्या आम्लधर्मी जांभ्या मातीत हाड लवकर झिजतं. देशावरची काळी, चुनखडीची माती ते सांभाळते. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन मातीच्या भांड्यांत पुरलेल्या बाळांची नाजूक हाडं तीन हजार वर्षांनी हाती आली. गोदावरीही काळ्या पाषाणातूनच येते. तिचं पाणी किंचित अल्कधर्मी.

मग डोळ्यांदेखत नाहीसं काय होतं? लाकडाच्या राखेतले पोटॅशचे क्षार लगेच विरघळतात. भाजलेली हाडं ठिसूळ असतात, त्यांचा चुरा होतो आणि प्रवाह तो वाहून नेतो. प्रवाह नसेल तर तो तळच्या गाळात बसतो. कुंडांच्या तळाचं काँक्रीट काढून जिवंत झरे मोकळे करा, ही नाशिककरांची जुनी मागणी म्हणूनच रास्त आहे. अस्थींना वाहतं पाणी लागतं.