एकच पेटंट पुरतं का?

नागपूरजवळच्या कळमेश्वरच्या एमआयडीसीतून एका वाचकांनी विचारलं आहे, की चांगलं एक पेटंट हाती असताना आणखी पाच-सहा पेटंटांवर पैसा का घालायचा? या प्रश्नाचं उत्तर कळमेश्वरच्याच धंद्यात सापडतं. तिथल्या जेएसडब्ल्यूच्या, म्हणजे पूर्वीच्या इस्पातच्या, कारखान्यात पत्र्यावर धातूचा लेप आणि रंग चढतो. अशा लेपांमधला एक फार मोठा शोध अमेरिकेतल्या बेथलेहेम स्टीलचा. त्याचं पेटंट 1967 चं, आणि बाजारातलं नाव गॅल्व्हॅल्यूम.

साध्या गॅल्वनाइज्ड पत्र्यावरचं जस्त स्वतः झिजतं आणि कापलेल्या कडेलाही लोखंड वाचवतं. ॲल्युमिनियम जास्त वर्षं टिकतं, पण ओरखडा पडला की तिथे ते जस्तासारखं धावून येत नाही. दोन्ही गुण एका लेपात यावेत म्हणून साधारण 55 टक्के ॲल्युमिनियम आणि 43 टक्क्यांच्या आसपास जस्त घेतलं गेलं. अडचण अशी, की वितळलेलं ॲल्युमिनियम लोखंडाला भिडलं की मधे जाड, ठिसूळ थर धरतो आणि पत्रा वाकवताना लेप सुटतो. दीड टक्क्याच्या आसपास सिलिकॉन घातलं की ही क्रिया आवरते. सगळ्या शोधाचा जीव मला या दीड टक्क्यात दिसतो. आपल्या पेटंट कायद्याचं कलम 3(ई) घटकांच्या गुणांची नुसती बेरीज करणाऱ्या मिश्रणाला पेटंट देत नाही. बेरजेपलीकडचं काही घडलं हे अर्जदाराला आकड्यांनिशी दाखवावं लागतं.

आता कालगणना पाहा. तेव्हा अमेरिकेत पेटंटची मुदत मंजुरीपासून 17 वर्षं होती, म्हणजे 1984 पर्यंत. व्यापारी उत्पादन सुरू झालं 1972 मध्ये, तोवर पाच वर्षं गेलेली. बेथलेहेम स्टील 2001 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि नंतर विकली गेली. तरी गॅल्व्हॅल्यूम हे नाव आजही परवान्यावर चालतं, कारण ट्रेडमार्कचं नूतनीकरण करत राहता येतं आणि लेपाची लाइन चालवण्याचं ज्ञान परवान्यासोबत विकता येतं. दुसरीकडे जपानी कंपन्यांनी मॅग्नेशियमची वाट धरली: निशिनच्या झॅम या लेपात 6 टक्के ॲल्युमिनियम आणि 3 टक्के मॅग्नेशियम, निप्पॉन स्टीलच्या सुपरडायमामध्ये 11 आणि 3. एका प्रमाणाभोवती घातलेलं कुंपण शेजारच्या प्रमाणाला अडवत नाही, म्हणून आपल्या मालाच्या आसपास प्रतिस्पर्धी कुठे सरकेल, ते हेरून अर्ज करायचे. पेटंटांची संख्या मोजत बसण्यात अर्थ नाही.

खर्चाचा आक्षेप खरा आहे. लहान उद्योगांना सरकारी फीमध्ये मोठी सवलत मिळते, पण मसुदा लिहिणाऱ्याची फी आणि दरवर्षीचं नूतनीकरण सुटत नाही. ‘मग सगळं गुपितच ठेवू’ असं काहीजण म्हणतात. तेही अर्धंच बरोबर. लाइनचा वेग, लेपानंतर थंड करण्याची पद्धत, वितळलेल्या धातूच्या कुंडाची निगा या गोष्टी तयार पत्र्यावरून सहसा कळत नाहीत. त्या गुपित ठेवाव्यात. लेपात काय आहे, ते मात्र बाजारातला पत्रा कापून प्रयोगशाळेत तपासला की उघड होतं. तिथे गुपित टिकत नाही, पेटंटच हवं.

पुढच्या सुधारणांसाठी कलम 54 खालचं ‘भर घालणारं’ पेटंट स्वस्त पडतं: त्याला वेगळी नूतनीकरण फी नाही, आणि मूळ शोधाच्या मानाने नवी कल्पकता नाही एवढ्याच कारणावरून ते नाकारता येत नाही, हे कलम 56 सांगतं. पण मूळ पेटंटसोबत तेही संपतं. जी सुधारणा मूळ पेटंटपेक्षा जास्त जगवायची असेल तिचा अर्ज स्वतंत्रच करावा, आणि मूळ अर्ज 18 महिन्यांनी प्रसिद्ध होण्याआधी करावा. एकदा तो प्रसिद्ध झाला, की तपासनीस तुमचाच कागद तुमच्यापुढे ठेवतो.