सेन्सर जोडला म्हणजे वाद्य झालं का?

हवेत हात फिरवला आणि स्पीकरमधून सूर आला, की पाहणाऱ्यांचं पहिलं मत असतं, 'काय नवीन नवीन निघतंय!' पण हे नवीन नाही. रशियन शास्त्रज्ञ लेव तेरमेन यांनी थेरेमिन बनवलं ते 1920 च्या सुमारास. त्याच्या उभ्या अँटेनाजवळ हात नेला की हात आणि अँटेना मिळून एक कपॅसिटर तयार होतो. हात हलला की त्याची धारिता किंचित बदलते आणि तेवढ्यावर सूर वर-खाली होतो. पुढे संगीतकार मिशेल वाइसविझ यांनी 1984 मध्ये दोन्ही हातांवर चढवायचं 'द हँड्स' हे साधन रंगमंचावर आणलं. संगीतकार लेतिशिया सोनामी यांनी 1991 मध्ये स्वयंपाकघरातल्या रबरी हातमोज्यांवर चुंबक आणि सेन्सर बसवून सुरुवात केली आणि त्याच कल्पनेवर त्या पुढे कित्येक वर्षं काम करत राहिल्या.

दुसरं मत असतं, 'हे कुणालाही वाजवता येईल.' आवाज कुणालाही काढता येईल, हे खरं. पण थेरेमिनला ना पडदे, ना पट्ट्या, ना बोटाला टेकायला जागा. हात जरासा ढळला तरी सूर बेसूर होतो. त्याची सर्वांत नावाजलेली वादक क्लारा रॉकमोर मुळात व्हायोलिनवादक होती, म्हणजे पक्का कान घेऊनच ती या वाद्याकडे आली होती. रियाज इथेही चुकत नाही.

स्वतः कंट्रोलर, म्हणजे हालचाल टिपून संगणकाकडे पाठवणारं साधन, बनवायला बसलेल्यांचा गैरसमज वेगळाच असतो. महागडा सेन्सर आणला की काम झालं, असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात काही रुपयांची पिझो चकती (ठोका बसला की व्होल्टेज देणारी) लाकडी फळीखाली चिकटवली की टकटक टिपणारं चांगलं साधन तयार होतं. मात्र ती तशीच थेट मायक्रोकंट्रोलर बोर्डाला जोडू नये. जोरात ठोका बसला की चकतीतून बोर्डाला न झेपणारा व्होल्टेज येऊ शकतो, म्हणून तिला समांतर एक मेगाओहमचा रेझिस्टर आणि संरक्षणासाठी झेनर डायोड लावतात. नंतरची अडचण अशी की ठोका एकच, पण फळी थरथरत राहते आणि संगणक तीन-चार ठोके मोजतो. त्यावर उपाय म्हणजे एक ठोका मोजल्यावर काही क्षण पुढचं काहीच न मोजणं. हा अवधी 30 मिलीसेकंद ठेवला तर द्रुत लयीतला तिरकिट निभावतो. 200 ठेवला तर त्यातले निम्मे बोल गिळले जातात. इथे सेन्सरच्या किमतीचा काही संबंध नाही. काय वाजवायचं आहे ते ठाऊक असावं लागतं.

विलंबाचंही तसंच. हात हलल्यापासून आवाज येईपर्यंत 10 मिलीसेकंदांच्या आत काम व्हावं, अशी अपेक्षा धरतात. स्वस्त अल्ट्रासोनिक सेन्सर चार मीटरवरच्या हाताचं अंतर मोजतो तेव्हा ध्वनीला जाऊन-येऊन आठ मीटर जावं लागतं. त्यातच सुमारे 23 मिलीसेकंद गेले. दालनात फिरणाऱ्या प्रेक्षकांना प्रतिसाद देणाऱ्या मांडणीशिल्पाला हे चालतं, ठेक्याला चालत नाही.

'मिडीमध्ये फक्त 128 पायऱ्या, मग मींड कशी येणार?' हा प्रश्न हमखास येतो. मिडी म्हणजे वाद्यं आणि संगणक यांच्यातली संदेशांची भाषा. साध्या कंट्रोल संदेशापुरतं ते खरं आहे. अर्डुइनो उनो हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड 0 ते 1023 असं वाचन देतो आणि ते 0 ते 127 मध्ये बसवताना दर आठ पायऱ्यांची एक होते. पण 1983 पासूनच्या याच मिडीत पिच बेंडसाठी 16,384 पायऱ्यांची सोय आहे. सूर सलग सरकवायला तेवढ्या पुरतात.

सगळ्यात खोल रुजलेला गैरसमज म्हणजे एक सेन्सर, एक परिणाम: दाब वाढवला की आवाज वाढला, हात उचलला की सूर चढला. असं साधन दहा मिनिटांत कळतं आणि तितक्याच लवकर कंटाळवाणं होतं. व्हायोलिनच्या गजाचा दाब, वेग आणि जागा, तिन्ही मिळून नाद ठरवतात. एक बदललं की बाकीच्यांचा अर्थही बदलतो. कंट्रोलरमध्येही दाब आणि हालचालीचा वेग मिळून आवाजाचा पोत ठरवू द्यावा. दाब स्थिर असताना हात थरथरला तर काहीतरी वेगळंच घडू द्यावं. या जुळवणीला मॅपिंग म्हणतात आणि माझ्या मते वाद्य घडतं ते इथेच. सोल्डरिंग एका दुपारी उरकतं, मॅपिंगला महिने लागतात, आणि ते लागू द्यावेत.

अशा साधनांमुळे पारंपरिक वाद्यं मागे पडतील, ही भीतीही ऐकू येते. संशोधक अजय कपूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये मांडलेली इलेक्ट्रॉनिक सतार पाहा. ती खरीच सतार आहे. पडद्यांना रेझिस्टरची साखळी जोडली आहे, त्यामुळे तार कोणत्या पडद्यावर दाबली ते व्होल्टेजवरून कळतं. अंगठ्याचा दाब आणि वादकाच्या मानेची हालचालही टिपली जाते. वादक नेहमीसारखीच मिजराब चढवून वाजवतो, तारांचा नाद तारांचाच राहतो आणि बोटांच्या कामाची नोंद त्याच वेळी संगणकाकडे जाते.