रसायनशास्त्राचे संदर्भाधिष्ठित अध्यापन आणि ऑनलाइन स्वयंअध्ययन

प्रस्तावना

पदवी वर्गातील विद्यार्थी ईडीटीए अनुमापनाने पाण्याची दुष्फेनता अचूक काढतो; परंतु आपल्याच घरच्या विंधन विहिरीचे पाणी पिण्यास योग्य आहे काय, हे त्याला अनेकदा सांगता येत नाही. ज्ञान आणि जीवन यांतील ही दरी बुजविण्याच्या हेतूने संदर्भाधिष्ठित अध्यापनाचा विचार पुढे आला. इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठातील सॉल्टर्स प्रकल्प (१९८० चे दशक) आणि अमेरिकन केमिकल सोसायटीचा ‘केमकॉम’ हा शालेय अभ्यासक्रम (१९८८) ही त्याची प्रमुख उदाहरणे होत. प्रथम जीवनातील प्रश्न आणि त्यानंतर गरजेनुसार संकल्पना, हा या पद्धतीचा क्रम आहे.

स्वयंअध्ययनाचे स्थान

‘स्वयम्’ (२०१७) आणि ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ यांमुळे अध्ययनसामग्री सुलभ झाली. तथापि, व्याख्यान केवळ पडद्यावर नेल्याने अध्ययन स्वतंत्र होत नाही. विद्यार्थ्याजवळ स्वतःचा प्रश्न असेल, तरच तो सामग्रीचा शोध घेतो. म्हणून पहिल्या तासिकेस पाण्याचा नमुना व प्रश्न, नंतर आठवडाभर ऑनलाइन स्वयंअध्ययन आणि शेवटी प्रत्यक्ष प्रयोग व चर्चा, असा क्रम उपयुक्त ठरतो.

द्रावणाचा सामू १० च का ठेवावा, हा स्वयंअध्ययनाचा उत्तम प्रश्न आहे. सामू कमी असल्यास ईडीटीएचे प्रोटॉनीकरण होऊन धातूशी होणारा बंध दुर्बल होतो. फार वाढल्यास मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा साका बनतो. मात्र एरिओक्रोम ब्लॅक टी दर्शकाचा मद्यासारखा लाल रंग निळा होण्याचा नेमका क्षण ओळखण्याचे कौशल्य प्रयोगशाळेतच येते.

निष्कर्षाकडून निर्णयाकडे

५० मिलिलिटर नमुन्यास ०.०१ मोलर ईडीटीएचे २२ मिलिलिटर द्रावण लागले, तर दुष्फेनता कॅल्शियम कार्बोनेटच्या स्वरूपात प्रतिलिटर ४४० मिलिग्रॅम येते. भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार स्वीकार्य मर्यादा २०० असून, पर्यायी स्रोत नसल्यास ६०० पर्यंत मुभा आहे. येथे गणित संपते आणि विचार सुरू होतो. गावात दुसरा स्रोत आहे काय? उकळल्याने कोणती दुष्फेनता जाते व कोणती राहते? शिवाय दुष्फेनता मर्यादेत असली, तरी फ्लोराइड, नायट्रेट व जंतू यांची तपासणी स्वतंत्रपणेच करावी लागते.

समारोप

मूल्यमापनातही हाच दृष्टिकोन हवा. केवळ आकड्यास गुण न देता, त्या आधारे कुटुंबाला द्यावयाचा एक पानी सल्ला विद्यार्थ्याकडून लिहून घ्यावा. ज्यांच्याकडे इंटरनेटची सोय नाही, त्यांच्यासाठी सामग्री ग्रंथालयात उपलब्ध ठेवावी. या पद्धतीत अध्यापकाचे काम कमी होत नाही. योग्य प्रश्न निवडणे आणि उत्तरांची चिकित्सा करणे, हे त्याचे मुख्य कार्य ठरते.