वस्तीवरची लिथियम बॅटरी जनरेटरवर कशी चार्ज करावी?



रानातल्या ज्या वस्त्यांवर विजेची लाईन पोचलेली नाही, तिथे काही सभासदांनी सोलर पॅनेल आणि लिथियम बॅटरी बसवून घेतली आहे. एरवी काम बिनबोभाट चालते. अडचण येते ती आषाढ-श्रावणात. झड लागली की चार-चार दिवस ऊन पडत नाही, बॅटरी उतरते आणि जनरेटर काढावा लागतो. ऊस नोंदीच्या फेरीत याबद्दल विचारणा होते, म्हणून थोडी माहिती देत आहे.

जुन्या आणि नव्या बॅटरीतील फरक

आपल्या सवयीची पाण्याची बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत बऱ्यापैकी लवकर भरते. वरचे २० टक्के भरायला मात्र कित्येक तास घेते, आणि करंट कमी कमी होत जातो. म्हणजे जनरेटरचा आवाज पूर्ण, पण काम दोन-चार बल्बांएवढे. डिझेल इंजिन असे हलक्या लोडवर तासन् तास चालवले तर नीट तापत नाही, डिझेल अर्धवट जळते आणि काजळी धरते.

लिथियमचे तसे नाही. ती जवळजवळ भरत येईपर्यंत ठरवलेला करंट एकसारखा घेते. त्यामुळे जनरेटर थोडाच वेळ, पण चांगल्या लोडवर चालवता येतो. मात्र चार्जरवर मर्यादा घातली नाही, तर तो आपल्या पूर्ण ताकदीने ओढतो आणि लहान जनरेटर दबतो.

हिशेब करून पाहू

१६ सेलची लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी ५१.२ व्होल्टची असते. ती १०० ॲम्पियर-अवरची असेल, तर तिच्यात सुमारे ५.१ युनिट वीज मावते. ती २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर न्यायची म्हणजे ६० ॲम्पियर-अवर भरायचे. चार्जर ४० ॲम्पियरवर लावला तर दीड तासात काम होते.

आता जनरेटरचे पाहू. ४० ॲम्पियरला बॅटरीत सुमारे २.१ किलोवॅट जातात. चार्जरमधील घट धरून जनरेटरवर साधारण २.४ किलोवॅट लोड येतो. साध्या चार्जरचा पॉवर फॅक्टर ०.७ धरला, तर हा लोड ३.४ के.व्ही.ए. होतो. ५ के.व्ही.ए.चा जनरेटर हे आरामात ओढतो, ३ के.व्ही.ए.चा दबतो. जनरेटर लहान असेल तर करंट २५ ॲम्पियरवर आणावा. वेळ वाढेल, पण मशीन टिकेल.

ध्यानात ठेवायच्या गोष्टी

१) जनरेटर सकाळी लावावा, पण बॅटरी शंभर टक्के भरू नये. ८० टक्क्यांना बंद करावा. दुपारी ऊन पडलेच तर त्याला जागा पाहिजे. नाहीतर फुकटची वीज वाया आणि विकतचं डिझेल जाळलेलं! ऊन चांगले असेल तेव्हा मात्र अधूनमधून बॅटरी पूर्ण भरू द्यावी, म्हणजे सगळे सेल बरोबरीत येतात.

२) पाण्याच्या बॅटरीचा जुना चार्जर लिथियमला लावू नये. त्यातील इक्वलायझेशनचा व्होल्टेज लिथियमला जादा होतो. चार्जिंगचा व्होल्टेज कंपनीच्या पुस्तकात दिलेलाच ठेवावा.

३) जनरेटर सुरू केल्यावर आधी स्थिर होऊ द्यावा, मगच चार्जिंगचा लोड टाकावा. फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या आसपास नसेल तर पुष्कळ इन्व्हर्टर जनरेटरची वीज घेतच नाहीत. अशा वेळी दोष बॅटरीत शोधू नये, इंजिनाचा गव्हर्नर तपासावा.

४) चार्जिंग चालू असताना त्याच लहान जनरेटरवर पाण्याची मोटार लावू नये. मोटार सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते.

५) ट्रॅक्टरवरून लिथियम बॅटरीला थेट वायर जोडू नये. बॅटरी सतत जादा करंट ओढते आणि अल्टरनेटर तापतो. बॅटरीतील रक्षक सर्किटने मध्येच तोडले, तर अल्टरनेटरचे डायोड उडू शकतात.

जिवाची काळजी

पाऊस आहे म्हणून जनरेटर घरात, पडवीत किंवा बंद शेडमध्ये चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. झोपलेला माणूस उठत नाही. घरापासून लांब, मोकळ्या हवेत, वर पत्रा टाकून ठेवावा.

दुसरे, ज्यांच्या वस्तीवर लाईन आलेली आहे त्यांनी चेंजओव्हर स्विच बसवल्याशिवाय जनरेटर घराच्या वायरिंगला जोडू नये. प्लगमधून उलटी वीज दिली, तर ती डी.पी.पर्यंत जाते आणि ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढून ११ हजार व्होल्टची होते. लाईन बंद आहे या भरवशावर खांबावर चढलेला वायरमन आपल्याच भागातला असतो, हे विसरू नये.

तरी सभासदांनी पावसाळ्याआधी जाणकार वायरमनकडून अर्थिंग, चेंजओव्हर आणि चार्जरचा करंट तपासून घ्यावा, ही विनंती.

— ऊसविकास अधिकारी